अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाची संवेदनशीलता (शरीरद्रवांचे विश्लेषण)

अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन (संक्षेपाने एनएमआर) या पद्धतीने रक्त, लघवी, मस्तिष्क-मेरुद्रव, लाळ इत्यादी शरीरद्रवांतील चयापचयितांचा, म्हणजे चयापचयात निर्माण होणाऱ्या वा खर्च होणाऱ्या लहान रेणूंचा, शोध घेता येतो. ही पद्धत नमुना नष्ट करीत नाही आणि एकाच मापनात अनेक पदार्थांची ओळख व मात्रा सांगते. मात्र तिची संवेदनशीलता कमी आहे. नेहमीच्या उपकरणावर सुमारे १ ते ५ मायक्रोमोल प्रति लिटर यापेक्षा कमी प्रमाणात असलेले पदार्थ तिला सहसा दिसत नाहीत. वस्तुमान वर्णपटमापन (मास स्पेक्ट्रोमेट्री) नॅनोमोल व त्याखालच्या पातळीपर्यंत सहज पोहोचते. ही दरी भरून काढण्यासाठी गेल्या सात दशकांत जे उपाय शोधले गेले, त्यांचा परिचय या लेखात आहे.

मराठी विश्वकोशात ‘अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन’ ही संज्ञा रूढ असली तरी प्रयोगशाळांत सर्रास ‘एनएमआर’ असेच म्हटले जाते. रुग्णालयातील ‘एमआरआय’ हे याच तत्त्वावर चालणारे यंत्र होय. त्याच्या नावातून ‘अणुकेंद्रीय’ हा शब्द वगळण्यात आला, कारण तो ऐकून रुग्णांना किरणोत्सर्गाची भीती वाटे. वस्तुतः या पद्धतीत किरणोत्सर्गाचा संबंध नाही.

संवेदनशीलता कमी का

हायड्रोजनचे अणुकेंद्र, म्हणजे प्रोटॉन, स्वतःच्या परिवलनामुळे एखाद्या सूक्ष्म चुंबकासारखे वागते. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यास असे चुंबक क्षेत्राच्या दिशेने किंवा तिच्या विरुद्ध राहू शकतात. दोन्ही अवस्थांतील ऊर्जेचा फरक अत्यल्प असतो आणि खोलीच्या तापमानाची उष्णता त्यांना सतत ढवळून काढत असते. परिणामी दोन्ही बाजूंची संख्या जवळजवळ समान राहते. १४.१ टेस्लाच्या चुंबकात (प्रोटॉनसाठी ६०० मेगाहर्ट्झ) २५ अंश सेल्सिअस तापमानाला दर १ लाख प्रोटॉनांमागे अनुकूल बाजूस केवळ सुमारे ५ प्रोटॉन अधिक असतात. उपकरणाला मिळणारा संकेत या पाचांचाच असतो, बाकीचे एकमेकांचा परिणाम नाहीसा करतात.

याचा अर्थ असा की १ मायक्रोमोल प्रति लिटर प्रमाणाच्या अर्धा मिलिलिटर नमुन्यात त्या पदार्थाचे सुमारे ३०० लाख कोटी रेणू असले, तरी रेणूतील एका प्रोटॉनमागे हिशेबात धरण्याजोगे फक्त दीड हजार कोटीच उरतात. कार्बनच्या बाबतीत स्थिती आणखी बिकट आहे. एनएमआरला दिसणारे कार्बन-१३ हे समस्थानिक निसर्गात १.१ टक्केच आढळते आणि त्याचे चुंबकत्व प्रोटॉनच्या सुमारे पाव असते. दोन्ही कारणे एकत्र धरता कार्बनचा संकेत प्रोटॉनच्या तुलनेत जवळपास सहा हजार पटींनी क्षीण ठरतो.

संकेत क्षीण असेल तर मापन पुनःपुन्हा करून बेरीज करणे हा सर्वांत सरळ उपाय. परंतु संकेत मापनांच्या संख्येइतका वाढतो, तर गोंगाट त्या संख्येच्या वर्गमुळाइतका. त्यामुळे संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर दहापट सुधारण्यासाठी शंभरपट वेळ द्यावा लागतो. १० मिनिटांत जो पदार्थ जेमतेम दिसतो, त्याच्या एकदशांश प्रमाणातील पदार्थ पाहण्यास सुमारे १७ तास आणि एकशतांश प्रमाणातील पदार्थ पाहण्यास जवळजवळ ७० दिवस लागतील. लघवीचा नमुना तोवर टिकत नाही, जिवाणू त्यातील घटक बदलून टाकतात. केवळ चिकाटीने सुटणारा हा प्रश्न नाही.

शरीरद्रवांची विशेष अडचण

शुद्ध विद्रावातील पदार्थ शोधणे आणि लघवीत तोच पदार्थ शोधणे यांत मोठा फरक आहे. शरीरद्रव मुख्यतः पाणी असते आणि पाण्यातील प्रोटॉनांचे प्रमाण लिटरमागे सुमारे ११० मोल इतके असते. १० मायक्रोमोलच्या पदार्थाहून हे सुमारे १ कोटी १० लाख पटींनी अधिक आहे. पाण्याचा संकेत दाबल्याखेरीज ग्राहक यंत्राला बाकी काही नोंदवता येत नाही. त्यासाठी पाण्याच्या नेमक्या कंप्रतेवर मंद रेडिओतरंग सोडून तो संकेत आधीच निष्प्रभ केला जातो. या क्रियेत पाण्याच्या शेजारचे काही संकेतही बळी पडतात.

रक्तद्रवात प्रथिने व मेदकण असतात. त्यांचे रुंद संकेत लहान रेणूंच्या टोकदार संकेतांखाली पसरून राहतात. ते गाळण्यासाठी एकतर मोठ्या रेणूंचे संकेत लवकर विझतात या गुणाचा उपयोग करणारी स्पंदमालिका वापरतात, किंवा मिथेनॉलने प्रथिने साकळवून काढून टाकतात. दुसऱ्या मार्गाने अधिक पदार्थ दिसतात, कारण प्रथिनांना चिकटून बसलेले रेणूही मोकळे होतात. लघवीत प्रथिने अत्यल्प असली तरी क्षार पुष्कळ असतात आणि त्यांचे प्रमाण व्यक्तीनुसार, किंबहुना एकाच व्यक्तीत सकाळ-संध्याकाळ, बदलते. नमुना आटवून घट्ट केला तर पदार्थाबरोबर क्षारही वाढतात, आणि क्षारयुक्त द्रव संवेदी कुंडलाची गुणवत्ता घटवतो. एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने जाते.

या अडचणींचे मोजमाप कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात डेव्हिड विशार्ट यांच्या गटाने केलेल्या दोन मोठ्या सर्वेक्षणांत दिसते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रक्तरसाच्या सर्वेक्षणात एनएमआरने ४९ पदार्थ मोजता आले. २०१३ मधील लघवीच्या सर्वेक्षणात ही संख्या २०९ होती. त्याच वेळी दोन्ही द्रवांत आढळणाऱ्या ज्ञात पदार्थांची संख्या काही हजारांत जाते. उरलेले बहुसंख्य पदार्थ एनएमआरच्या आवाक्याखाली आहेत, आणि संप्रेरके, जीवनसत्त्वे, औषधांचे अवशेष हे बहुतांशी त्यांतच मोडतात.

पुण्यातील एक उदाहरण

ही मर्यादा केवळ तांत्रिक नाही, हे महाराष्ट्रातील एका उदाहरणावरून स्पष्ट होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत बी-१२ जीवनसत्त्वाची पातळी कमी, तर ५८ टक्क्यांत होमोसिस्टीनची पातळी वाढलेली आढळली. शाकाहारी व अल्प मांसाहारी समाजात ही कमतरता किती खोलवर आहे, याकडे या कार्याने लक्ष वेधले.

आता हेच पदार्थ एनएमआरने पाहू गेल्यास काय होईल? बी-१२ ची कमतरता ठरवणारी सीमा लिटरमागे १५० पिकोमोल आहे. नेहमीच्या एनएमआरच्या मर्यादेहून ती सुमारे दहा हजार पटींनी खाली पडते. या कमतरतेची अधिक विश्वासार्ह खूण म्हणजे मिथिलमॅलॉनिक आम्ल. निरोगी व्यक्तीच्या रक्तात ते १ मायक्रोमोलच्या काही दशांशांइतकेच असते आणि सौम्य कमतरतेत वाढले तरी मर्यादेच्या आसपासच राहते. होमोसिस्टीनची सीमा १५ मायक्रोमोल, म्हणजे आकडा पाहता आवाक्यातली. परंतु रक्तातील बहुतेक होमोसिस्टीन प्रथिनांशी गंधकबंधाने जोडलेले असते. मुक्त रूपातला अंश इतका थोडा असतो की रासायनिक प्रक्रिया केल्याशिवाय तो दिसत नाही. म्हणूनच अशा तपासण्या प्रतिकारशक्तीवर आधारित चाचण्यांनी किंवा वस्तुमान वर्णपटमापनाने केल्या जातात.

याउलट, जन्मजात चयापचय विकार असलेल्या अर्भकाच्या लघवीत हेच मिथिलमॅलॉनिक आम्ल हजारपट वाढलेले असते आणि एनएमआरवर ते काही मिनिटांत ठळकपणे दिसते. अशा विकारांपैकी बरेच अप्रभावी जनुकांमुळे होतात व नात्यातील विवाहांत त्यांची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी विवाहाची चाल असलेल्या प्रदेशांत या तपासणीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. थोडक्यात, तीव्र आजार ही पद्धत ओळखते आणि सौम्य, दीर्घकाळ कुरतडणारी कमतरता तिच्या नजरेतून सुटते. संवेदनशीलता वाढवण्याच्या खटाटोपामागे हे कारण आहे.

इतिहास

फेलिक्स ब्लॉक व एडवर्ड पर्सेल यांच्या गटांनी १९४५-४६ मध्ये द्रव व घन पदार्थांतील अनुस्पंदन स्वतंत्रपणे नोंदवले. त्यासाठी दोघांना १९५२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रसायनशास्त्रज्ञांना या शोधाचा उपयोग जाणवला तो १९५१ मध्ये. स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स अर्नोल्ड, श्रीनिवास धर्मट्टी आणि मार्टिन पॅकार्ड यांनी इथाइल अल्कोहोलचे तीन वेगवेगळे संकेत दाखवले. एकाच रेणूतील हायड्रोजन आपापल्या रासायनिक परिसरानुसार निराळी कंप्रता दाखवतात, हे त्यातून दिसले. शरीरद्रवाच्या वर्णपटात शेकडो पदार्थ वेगळे ओळखता येतात ते याच गुणामुळे.

यांतील धर्मट्टी पुढे होमी भाभा यांच्या मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) आले आणि १९५० च्या दशकात त्यांनी तेथे एनएमआर संशोधनाचा पाया घातला. त्या इतिहासप्रसिद्ध प्रयोगातील भारतीय सहभागाचा उल्लेख आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडतो. १९८३ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने टीआयएफआरमध्ये उच्चक्षेत्र एनएमआरची राष्ट्रीय सुविधा उभी राहिली आणि देशभरातील संशोधकांना ५०० मेगाहर्ट्झचे उपकरण उपलब्ध झाले. गिरिजेश गोविल आणि रामकृष्ण होसूर यांची नावे या सुविधेशी निगडित आहेत. होसूर यांना २०१४ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले. त्यांचे मुख्य कार्य प्रथिनांच्या रचनेवर असले तरी कमी वेळात अधिक माहिती काढणाऱ्या स्पंदमालिकांचा विचार दोन्ही क्षेत्रांना समान आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व आयसर या संस्थांत, तसेच मुंबईच्या आयआयटीत एनएमआर सुविधा आहेत. शरीरद्रवांच्या एनएमआर अभ्यासाचे देशातील एक प्रमुख केंद्र मात्र लखनौ येथे आहे.

१९६६ मध्ये रिचर्ड अर्न्स्ट व वेस्टन अँडरसन यांनी कंप्रता एकेक करून चाचपण्याऐवजी एकाच स्पंदाने सर्व अणुकेंद्रे उत्तेजित करून फूरिये रूपांतराने वर्णपट मिळवण्याची पद्धत मांडली. संवेदनशीलतेच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी एकहाती झेप मानावी लागेल, कारण तिला वेगळे चुंबक वा वेगळा नमुना लागला नाही. अर्न्स्ट यांना १९९१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

चुंबक आणि संवेदी कुंडल

चुंबकीय क्षेत्र वाढवले की संकेत-गोंगाट गुणोत्तर क्षेत्राच्या दीड घाताने वाढते. ५०० वरून ८०० मेगाहर्ट्झला गेल्यास ते सुमारे दुप्पट होते. २०२० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे १.२ गिगाहर्ट्झचे, म्हणजे २८.२ टेस्लाचे, पहिले उपकरण बसवले गेले. ८०० च्या तुलनेत त्याचा लाभ दुपटीहून कमी आहे, किंमत मात्र कित्येक पटींनी जास्त. संकेत एकमेकांपासून अधिक दूर जातात हा मोठ्या चुंबकाचा खरा फायदा, आणि लघवीसारख्या गर्दीच्या नमुन्यात तो मोलाचा ठरतो.

खर्चाच्या मानाने अधिक फलदायी सुधारणा म्हणजे शीत संवेदी. यात नमुना खोलीच्या तापमानालाच राहतो, परंतु त्याभोवतीचे कुंडल व प्राथमिक विवर्धक थंड हेलियम वायूने सुमारे २० केल्व्हिनपर्यंत थंड केले जातात. विद्युत्‌रोधामुळे उद्भवणारा गोंगाट त्यामुळे घटतो आणि संवेदनशीलता तीन ते चार पट होते. वेळेच्या भाषेत सांगायचे तर सोळा तासांचे काम एका तासात होते. लघवीतील क्षारांमुळे हा लाभ कमी होतो. म्हणून ५ मिलिमीटरऐवजी ३ मिलिमीटर व्यासाच्या नळ्या वापरतात. अर्भकाच्या मेरुद्रवासारखा नमुना मुळातच थोडा असेल, तर १.७ मिलिमीटरच्या नळीत सुमारे ३० मायक्रोलिटरवर काम भागते.

भारतातील प्रयोगशाळांपुढे येथे हेलियमचा प्रश्न उभा राहतो. अतिसंवाहक चुंबक सतत द्रव हेलियमात बुडालेला ठेवावा लागतो आणि हेलियम महाग आहे. टीआयएफआरमध्ये स्वतःची नीचतापमान सुविधा असून तेथे द्रव हेलियम तयार होतो. लहान विद्यापीठांना ती सोय नसते.

रासायनिक खुणा

काही संशोधकांनी उपकरण सोडून नमुन्याकडेच लक्ष वळवले. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात डॅनियल रॅफ्टरी यांच्या गटाने २००७ मध्ये कार्बन-१३ ने समृद्ध केलेल्या ॲसिटिक ॲनहायड्राइडची शरीरद्रवाशी अभिक्रिया घडवली. अमिनो आम्लांना त्यामुळे कार्बन-१३ ची खूण चिकटते आणि एरवी १.१ टक्के असलेले समस्थानिक त्या जागी जवळजवळ पूर्ण प्रमाणात मिळते. कार्बोक्सिलिक आम्लांसाठी नायट्रोजन-१५ असलेल्या कोलामिनची खूण नंतर विकसित झाली. या पद्धतीत फक्त एका वर्गाचे पदार्थ उजळतात आणि पाण्यासकट बाकी सारे अंधारात राहते. पाण्याची अडचण अशा रीतीने बाजूला सारली जाते. मात्र नमुन्याला हात न लावणे हे एनएमआरचे जे वैशिष्ट्य, ते येथे सोडावे लागते.

अतिध्रुवण

वरील सर्व उपाय लाखांतील त्या पाच प्रोटॉनांची काटकसर करतात. अतिध्रुवणात पाचाची संख्याच वाढवली जाते.

१९५३ मध्ये अल्बर्ट ओव्हरहाउझर यांनी असे भाकीत केले की धातूतील इलेक्ट्रॉनांना सूक्ष्मतरंगांनी उत्तेजित केल्यास त्यांचे प्रबळ ध्रुवण अणुकेंद्रांकडे संक्रमित होईल. इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व प्रोटॉनच्या सुमारे ६६० पट असते. या क्षेत्रातील नामवंतांना ही कल्पना प्रथम पटली नाही. त्याच वर्षी थॉमस कार्व्हर व चार्ल्स स्लिक्टर यांनी लिथियम धातूवर प्रयोग करून ती खरी ठरवली.

द्रव नमुन्यांसाठी या तत्त्वाचा उपयोग होण्यास अर्धशतक लागले. २००३ मध्ये यान हेन्रिक आर्डेनकेअर-लार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमधील माल्मो येथील कार्य प्रसिद्ध केले. त्यात मुक्त मूलक मिसळलेला नमुना ३.३५ टेस्लाच्या क्षेत्रात सुमारे १.२ केल्व्हिनपर्यंत गोठवतात. या स्थितीत इलेक्ट्रॉनांचे ध्रुवण ९५ टक्क्यांच्या घरात असते. सूक्ष्मतरंगांनी ते अणुकेंद्रांकडे वळवल्यावर गोठलेला नमुना अतितप्त द्रावकाने क्षणार्धात विरघळवून मापनयंत्रात पाठवतात. युरियातील कार्बन-१३ चे ध्रुवण ३७ टक्क्यांवर गेले. ९.४ टेस्लातील नेहमीच्या स्थितीशी तुलना करता ही वाढ ४४,४०० पट होती.

आकडा डोळे दिपवणारा असला तरी शरीरद्रवांच्या संदर्भात तो जपून वाचला पाहिजे. अतिध्रुवण हे उसने धन आहे. नमुना विरघळताच ते ओसरू लागते व परत मिळत नाही, म्हणून मापनाची संधी सहसा एकदाच मिळते. हायड्रोजन न जोडलेल्या कार्बनचे ध्रुवण काही दशक सेकंद टिकते, तर हायड्रोजनयुक्त कार्बनचे एक-दोन सेकंदांतच संपू शकते. परिणामी दोन पदार्थांच्या संकेतांची उंची त्यांच्या प्रमाणाशी थेट जुळत नाही. द्रावकामुळे नमुना पातळही होतो. एनएमआरचे सर्वांत मोठे भूषण म्हणजे मात्रा अचूक सांगणे, आणि नेमके तेच येथे पणाला लागते. फ्रान्समधील नँत व लियाँ येथील गटांनी २०१५ पासून या अडचणीवर पद्धतशीर काम केले आहे. प्रत्येक पायरी काटेकोरपणे सारखी ठेवल्यास वनस्पती व पेशींच्या अर्कांतील, आणि पुढे मानवी लघवीतील, नैसर्गिक प्रमाणातला कार्बन-१३ एका मापनात पाहता येतो व नमुन्यांची परस्परांशी तुलनाही करता येते, असे त्यातून दिसून आले. ज्ञात प्रमाणात पदार्थ वाढवत नेऊन मात्रा काढण्याची जुनी युक्ती येथे उपयोगी पडते.

दुसरा मार्ग पॅराहायड्रोजनचा. हायड्रोजन रेणूतील दोन प्रोटॉनांची परिवलने परस्परविरुद्ध असली की त्यास पॅराहायड्रोजन म्हणतात. खोलीच्या तापमानाला तो २५ टक्के असतो. द्रव नायट्रोजनच्या तापमानाला उत्प्रेरकावरून नेल्यास हे प्रमाण सुमारे ५० टक्के होते. रसेल बॉवर्स व डॅनियल वाइटकँप यांनी १९८६-८७ मध्ये या सुव्यवस्थेचे संकेतात रूपांतर करता येते असे दाखवले, परंतु त्यासाठी रेणूला हायड्रोजन जोडावा लागे. २००९ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठात सायमन डकेट यांच्या गटाने ही अट दूर केली. इरिडियमच्या संयुगावर पॅराहायड्रोजन व इष्ट पदार्थ दोन्ही क्षणभर एकत्र बांधले जातात, ध्रुवण हस्तांतरित होते आणि पदार्थ न बदलता सुटतो. नेदरलँड्समधील नाइमेखन येथील गटाने २०१६ मध्ये लघवीच्या अर्कातील पदार्थ १ मायक्रोमोलपेक्षा कमी प्रमाणात या मार्गाने टिपले. तेथे संकेत इरिडियमला जोडलेल्या हायड्रोजनांचा वाचला जातो. तो वर्णपटाच्या अशा भागात येतो की जेथे शरीरद्रवातील कोणत्याही पदार्थाचा संकेत नसतो, त्यामुळे गर्दीचा प्रश्नच उरत नाही. या पद्धतीला सुमारे १ केल्व्हिनचे तापमान लागत नाही व खर्चही कमी येतो. परंतु इरिडियमला बांधले जाणारे, मुख्यतः नायट्रोजनयुक्त वलये असलेले पदार्थच तिला दिसतात. निकोटिनामाइड दिसेल, ग्लुकोज दिसणार नाही. शिवाय ती मिथेनॉलमध्ये उत्तम चालते, म्हणून लघवीतून आधी अर्क काढावा लागतो.

रुग्णोपयोगी वापर

अतिध्रुवणाचा रुग्णांवरील पहिला वापर शरीरद्रवांत नव्हे, तर थेट शरीरात झाला. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या ३१ रुग्णांना अतिध्रुवित पायरुव्हेट टोचून त्याचे लॅक्टेटमध्ये होणारे रूपांतर चित्रित करण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्बुदाच्या पेशी पायरुव्हेटचे लॅक्टेट अधिक वेगाने बनवतात, त्यावरून अर्बुदाची जागा कळते.

प्रयोगशाळेतील शरीरद्रव तपासणीत अतिध्रुवण अद्याप संशोधनाच्या पायरीवर आहे. प्रत्येक नमुन्याचे ध्रुवण साठण्यास बराच वेळ लागतो. शेकडो नमुन्यांची तपासणी करावयाची असता ही गती अपुरी पडते. सध्या मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासांत शीत संवेदी बसवलेले ६०० मेगाहर्ट्झचे उपकरण वापरतात, आणि त्याच्या आवाक्याबाहेरील पदार्थांसाठी त्याच नमुन्याचा उरलेला भाग वस्तुमान वर्णपटमापनाकडे पाठवतात. एनएमआरने नमुना नष्ट होत नसल्यामुळे हे शक्य होते.